272 रेघांचा सिनेमा : एका डीव्हीडीच्या कॉम्प्रेशनचे प्रकरण

प्रकरण वरवर साधे आहे. 2 तास 20 मिनिटांचा एक मराठी चित्रपट, दुकानातून विकत घेतलेली अधिकृत डीव्हीडी, एका थराची, म्हणजे 4.7 जीबीची. डीव्हीडी प्लेअरची लेन्स थकली आहे, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि घरातल्या 2014 च्या 40 इंची फुल एचडी टीव्हीला यूएसबीची खाच आहे. घरातले असे 18 चित्रपट 32 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर बसवायचे आहेत, म्हणजे एकाच्या वाट्याला पावणेदोन जीबी येतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जागा असेल तर डीव्हीडी कॉम्प्रेस करूच नये. अशा तबकड्यांच्या जशाच्या तशा आयएसओ प्रती (अख्खी तबकडी एका फाइलमध्ये) 1 टीबीच्या हार्डडिस्कवर दोनशेहून जास्त मावतात, आणि त्यात काहीच गमावत नाही. कॉम्प्रेशन हवे ते पेनड्राइव्ह आणि रिमोट यांच्यासाठी. मूळ प्रत ठेवा, दुसरी करा. या तबकडीला कुलूप (नक्कल रोखणारे संकेतन) नाही. जिला असते तिच्या बाबतीत 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले, कुलूप तोडण्याबद्दलचे कलम 65-अ वाचून घ्यावे. कॉम्प्रेशनसाठी वापरायचे मोफत सॉफ्टवेअर हँडब्रेक स्वतःहून कुलूप उघडत नाही, आणि इथे त्याची गरजही पडत नाही.

हँडब्रेक उघडून, काही न बदलता, 'फास्ट 1080पी30' या मूळ प्रीसेटवर (तयार सेटिंगवर) बटण दाबले तर फाइल तयार होते आणि ती चालतेही. मात्र कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळते, धोतराच्या काठासारख्या बारीक रेषा मधूनच जाड होतात आणि इंग्रजी सबटायटल गायब असतात. लोक मग सीआरएफ (क्वालिटीचा आकडा; जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी) 22 वरून 16 वर आणतात, फाइल दुप्पट-तिप्पट होते आणि अडखळणे तिथेच राहते. इथे दोष क्वालिटीच्या आकड्यात नाही, त्यामुळे तो आकडा हलवून जातही नाही.

तबकडीत काय आहे

व्हिडिओ_टीएस फोल्डर आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचा. ड्राइव्हमधून थेट एन्कोड केले, म्हणजे नव्या फाइलीत दाबले, की एखाद्या ओरखड्यापाशी वाचन अडकते आणि तीन तासांचे काम तिथेच मरते. मग त्यातली मोठी व्हीओबी (चित्र-आवाजाची) फाइल मीडियाइन्फो या तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. या तबकडीचे उत्तर येते: एमपीईजी-2, 720×480, 29.97 फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम सम आणि विषम रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांची, अशा अर्ध्याला फील्ड म्हणतात), गुणोत्तर 4:3, आवाजाचे दोन ट्रॅक, दोन्ही एसी-3 (डॉल्बीची आवाजपद्धत), एक 5.1 (448 किलोबिट) आणि एक स्टिरिओ (192 किलोबिट).

भारतातले जुने टीव्ही प्रक्षेपण पॅल पद्धतीचे होते, मग ही तबकडी एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीची, का? कारण बाजार. पॅल देशांतले बहुतेक प्लेअर एनटीएससी चालवून घेतात, अमेरिकेतले प्लेअर मात्र पॅलला सहसा नकार देतात. एकाच छपाईत पुण्यातला आणि न्यू जर्सीतला दोन्ही गिऱ्हाइके सांभाळायची तर एनटीएससी सोयीची. त्याचा भुर्दंड चित्राला पडतो: पॅलच्या 576 रेघांऐवजी 480.

त्यातून ही तबकडी 4:3 लेटरबॉक्स आहे. चित्रपट सिनेमास्कोप, साधारण 2.35:1, पण रुंद पडद्यासाठी दाबून न साठवता तो जुन्या चौकोनी टीव्हीच्या चौकटीत वर-खाली काळे पट्टे देऊन बसवला आहे. वरून 104 आणि खालून 104 रेघा काळ्या. उरल्या 272. डाव्या-उजव्या कडेलाही आठ-आठ पिक्सेल काळे. म्हणजे 720×480 च्या चौकटीत खरा सिनेमा 704×272 एवढाच, एकूण पिक्सेलांच्या 55 टक्के.

बिटरेटचाही, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली याचाही, अंदाज घ्यावा. 4.7 जीबी भागिले 8400 सेकंद म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेचार मेगाबिट. त्यातून दोन्ही आवाज, मेनू आणि पॅकिंग वजा केले की चित्राला सुमारे पावणेचार उरतात. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा 9.8 आहे, तेव्हा या तबकडीत आधीच काटकसर झालेली आहे. अक्षरांच्या आणि चेहऱ्यांच्या कडांभोवती भणभणणारा जो कचरा दिसतो तो तिचाच. यापेक्षा चांगले चित्र आता कुठल्याही सेटिंगने निघणार नाही. उरलेले आणखी खराब होऊ न देणे एवढेच हातात आहे.

फील्डचा गुंता

सर्वांत मोठा तोटा इथे होतो, म्हणून इथे थांबणे भाग आहे.

व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ मेनूतले डीइंटरलेस (दोन फील्डच्या भेसळीच्या रेघा पुसण्याची सोय) 'ऑफ' करायचे. ते आपोआप चालू राहिले तर दोष झाकला जातो आणि निदान चुकते. कॅमेरा आडवा सरकतो असे दृश्य शोधायचे आणि कीबोर्डवरचे 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जायचे. या तबकडीत तीन फ्रेम स्वच्छ दिसतात, पुढच्या दोन फ्रेमवर हलत्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा, मग पुन्हा तीन स्वच्छ. हा नमुना दिसला की ओळखायचे: मूळ फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची, आणि ती 3:2 पद्धतीने ताणून 29.97 वर नेलेली. फिल्मच्या चार फ्रेमपासून दहा फील्ड आणि त्यांतून पाच व्हिडिओ फ्रेम बनतात. त्यांतल्या दोन फ्रेम दोन वेगवेगळ्या क्षणांच्या फील्डची भेसळ असतात. मीडियाइन्फोच्या 'इंटरलेस्ड' या एका शब्दातून हे कळत नाही, डोळ्यांनीच पाहावे लागते.

आता अशा तबकडीला साधे डीइंटरलेस लावले तर काय होते? भेसळीच्या फ्रेममधले एक फील्ड फेकून रिकाम्या रेघा अंदाजाने भरल्या जातात. म्हणजे पाचांतल्या दोन फ्रेमना 272 ऐवजी खऱ्या रेघा फक्त 136 उरतात. सेकंदात सहा वेळा चित्र तीक्ष्ण-बोथट, तीक्ष्ण-बोथट होते. धोतराचा काठ जाड-बारीक होतो तो यामुळे. 480 रेघांचे पूर्ण चित्र असते तर हे कदाचित खपले असते. 272 मध्ये खपत नाही. शिवाय फ्रेम 29.97 च राहतात, त्यामुळे आडव्या हालचालीतली थरथरही जात नाही. मूळ प्रीसेटमधला 'डीकोम्ब' नेमके हेच करतो. कंगवा दिसला की पुसतो, फील्ड परत जुळवत नाही.

खरे म्हणजे काहीही फेकायची गरज नसते, कारण हरवलेले फील्ड शेजारच्या फ्रेममध्ये जसेच्या तसे असते. ते शोधून जोडीला लावायचे आणि पाचातली दुबार फ्रेम काढून टाकायची. मूळ 24 (नेमके सांगायचे तर 23.976) फ्रेम परत मिळतात, सगळ्या रेघांसकट. हँडब्रेकमध्ये यासाठी फिल्टर्सच्या पानावर 'डीटेलिसिन' चालू करायचा, व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट 23.976 आणि 'कॉन्स्टंट'. डीकोम्ब राहू द्यावा, पण तो चुकून सुटलेल्या फ्रेमपुरता. एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी फिल्टरांचा क्रम असा: फील्डमॅच (फील्ड जुळवणारा), मग फक्त इंटरलेस्ड ठरलेल्या फ्रेमवर यॅडिफ (डीइंटरलेस करणारा), मग डेसिमेट (दुबार फ्रेम काढणारा), आणि त्यानंतरच क्रॉप (कडा कापणे) व स्केल (माप बदलणे).

हा क्रम उलटा झाला तर काम संपलेच. फील्ड वेगळे होण्याआधी उंची बदलली की दोन क्षणांच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पुढे कुठलाही फिल्टर त्या सोडवू शकत नाही. आधी क्रॉप करताना वरून विषम संख्येने रेघा कापल्या तर फील्डचा क्रम उलटतो आणि हालचाल मागे-पुढे उड्या मारते.

एक अडचण राहते. सुरुवातीची श्रेयनामावली आणि काही जोड व्हिडिओच्या टेबलावर नंतर केलेले असतात, तिथे 3:2 ची लय तुटते. म्हणून ठराविक नमुना गृहीत धरणारी पद्धत टाळायची, दर फ्रेमला नव्याने जुळवणारी वापरायची. वर सरकणारी नावे किंचित थरथरतील, कारण ती मुळात 60 फील्डची आहेत. तेवढे चालवून घ्यावे. दोन मिनिटांच्या नावांसाठी पूर्ण चित्रपट 29.97 वर ठेवणे हा वाईट सौदा.

माप: 640, 704 की 1280?

डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. एनटीएससी 4:3 मध्ये ते किंचित अरुंद असतात, पण किती, यावर सॉफ्टवेअरांत एकमत नाही. काही 8:9 मानतात (720 चे 640 होतात), काही 10:11 (704 चे 640 होतात). फरक सव्वादोन टक्क्यांचा. प्रवाहातल्या खुणेत फक्त '4:3' लिहिलेले असते, निवाडा आपण करायचा. इथे दोन पुरावे आहेत. कडेचे आठ-आठ काळे पिक्सेल सांगतात की खरे चित्र 704 चे आहे. आणि 704×272 ला 10:11 लावले की 640×272, म्हणजे 2.35 येते, जे सिनेमास्कोपला जुळते. 8:9 ने 2.30 येते, जे कशालाच जुळत नाही. चित्रपटात समोरून दिसणारे बैलगाडीचे चाक असेल तर ते मोजून खात्री करता येते.

640×272 हे माप जुन्या मंडळींना ओळखीचे वाटेल. 700 एमबीच्या सीडीवर एक्सव्हिड या कॉम्प्रेशन पद्धतीने चित्रपट बसवायच्या काळात असंख्य फाइली याच मापाच्या असत. तेव्हा ते बरोबर होते: 140 मिनिटांच्या चित्रपटाला 128 किलोबिट आवाज वजा जाता चित्राला साधारण 570 किलोबिट उरत, त्यात पिक्सेल कमी करणे भागच होते. आज 704 ची रुंदी 640 करून आडवा तपशील फेकण्याचे कारण नाही.

दुसरा पर्याय 704×272 तसेच साठवून '10:11' ही खूण फाइलमध्ये ठेवण्याचा. संगणकावर हे उत्तम चालते. पण जुन्या टीव्हींचे यूएसबी प्लेअर ही खूण सर्रास दुर्लक्षितात आणि सगळे नट दहा टक्के जाडे दिसतात. टीव्ही 2014 चा आहे, त्याच्यावर विसंबू नये. म्हणून रुंदी 704 च ठेवून उंची थोडी वाढवायची: 272 गुणिले 1.1 म्हणजे 299.2, सम संख्या म्हणून 300. पिक्सेल चौरस, आडवा तपशील शाबूत, प्रमाणातली चूक पाव टक्क्याच्या आसपास. हँडब्रेकमध्ये क्रॉप 'कस्टम' करून 104, 104, 8, 8, अॅनामॉर्फिक 'कस्टम', पिक्सेल गुणोत्तर 1:1, आणि प्रमाण कायम ठेवण्याची खूण काढून 704 व 300 हाताने भरायचे. क्रॉप आपोआप ठरू दिला तर अंधाऱ्या दृश्यांवरून तो चुकू शकतो. काळ्या पट्ट्याच्या सीमेवर राखाडी अर्धी रेघ दिसत असेल तर तिथे आणखी दोन रेघा कापाव्यात, पण आकडा सम हवा, कारण रंगाची माहिती दर दोन रेघांना एकदाच असते.

राहिला तो '720पी करूया' हा मोह. 1280×544 केले की पिक्सेल 640×272 च्या बरोबर चौपट होतात आणि तपशील एक कणही वाढत नाही. टीव्ही तेच ताणणे प्रत्येक वेळी फुकट करतो. वाढीव पिक्सेलांना मात्र बिट मोजावे लागतात. शिवाय रंगाचा छुपा धोका आहे. डीव्हीडीचे रंग बीटी.601 गणिताने साठवलेले, एचडीचे बीटी.709 ने. नुसते ताणून रूपांतर केले नाही तर टीव्ही चित्राला एचडी समजून 709 लावतो, आणि कुंकवाचा लाल व झाडांचा हिरवा वेगळा दिसू लागतो. फाइल एसडी मापात ठेवली की प्लेअर सहसा योग्य अंदाज बांधतो.

कोडेक

टीव्ही 2014 चा फुल एचडी, त्यामुळे कोडेक, म्हणजे कॉम्प्रेशनची पद्धत, एच.264. एच.265 तो बहुधा वाचणार नाही, आणि वाचला तरी इतक्या लहान चित्रात त्याचा फायदा अपुरा पडतो. त्याची मोठी ब्लॉक-रचना मोठ्या चित्रांत कमाई करते. शिवाय एक्स265 या एच.265 च्या एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये फिल्मचा दाणा (फिल्मवरचे बारीक कण) पुसट होण्याकडे कल असतो. काही शे एमबी वाचवण्यासाठी न चालणारी फाइल बनवण्यात शहाणपण नाही.

एक्स264 (एच.264 बनवणारा एन्कोडर), प्रीसेट 'स्लो', ट्यून 'फिल्म', प्रोफाइल 'हाय', लेव्हल 3.1, सीआरएफ 19. यादीत '10-बिट' नावाचाही एच.264 असतो. त्याला हात लावू नये, टीव्हीच्या चिपला तो झेपत नाही. हँडब्रेकचे निर्माते एसडी चित्राला 18 ते 22 आणि 1080पी ला 20 ते 24 सुचवतात, त्यामागे कारण आहे: 704 चा पिक्सेल 1920 च्या पडद्यावर पावणेतीनपट ताणला जातो, त्याच्यासोबत त्याचा दोषही.

19 च का, 16 का नाही? या तबकडीत कडांभोवती एमपीईजी-2 चा कचरा आहे. 16 वर एन्कोडर तो कचराही इमानाने जपतो आणि त्यासाठी बिट खर्च करतो. ट्यून 'ग्रेन' निवडले तर हे आणखी वाढते. तो पर्याय स्वच्छ स्कॅनमधल्या खऱ्या दाण्यासाठी आहे. कचरा फार खुपत असेल तर एनएलमीन्स हा कचरा पुसणारा फिल्टर 'अल्ट्रालाइट'वर, त्यापुढे नाही. नाहीतर चेहरे मेणाचे होतात. शार्पनिंग अजिबात नको. ते कचऱ्यालाच धार लावते.

अशा मापाच्या चित्राला सीआरएफ 19 वर साधारण 900 ते 1400 किलोबिट लागतात, दाणेदार चित्रपटाला जास्तही. म्हणजे चित्राचे 945 ते 1470 एमबी. वाट्याला आलेल्या पावणेदोन जीबीत हे बसते, म्हणून दोन फेऱ्यांचे ठराविक आकाराचे एन्कोडिंग लागत नाही. एखादा चित्रपट जास्त खाईल, दुसरा कमी. अठरांची सरासरी साधली की झाले. पेनड्राइव्ह अगदीच भरत आला तर सीआरएफ 20 करावा, माप कमी करू नये.

आवाजात स्टिरिओचा एसी-3 ट्रॅक 'पासथ्रू' ठेवायचा, म्हणजे पुन्हा दाबायचा नाही. त्याचे 202 एमबी होतात. 128 किलोबिटचा एएसी (दुसरी आवाजपद्धत) केला तर 134. अडुसष्ट एमबीसाठी आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबायला नको. 5.1 चा ट्रॅक 470 एमबी खातो, आणि टीव्हीच्या दोन स्पीकरांवर त्यातले संवाद बहुतेकदा दबतात. तो सोडावा. फाइल फोनवरही लागणार असेल तरच एएसीचा दुसरा ट्रॅक जोडावा, कारण काही फोनचे प्लेअर एसी-3 वाजवत नाहीत.

सबटायटल गेले कुठे?

डीव्हीडीची सबटायटल ही अक्षरे नसून चित्रे असतात, आणि त्यांची जागा 720×480 च्या पूर्ण चौकटीत ठरलेली असते. लेटरबॉक्स तबकडीत ती खालच्या काळ्या पट्ट्यात बसवतात. आपण तोच पट्टा कापला. संगणकावरचे चांगले प्लेअर ती ओढून चित्रात आणतात, टीव्ही बहुधा हा प्रकारच दाखवत नाही.

सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये ही चित्रे उघडून ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राने) अक्षरांत उतरवायची. इंग्रजी असल्याने काम बरे होते, पण लहान 'एल' आणि मोठा 'आय' यांत गोंधळ होतोच, तेवढे नजरेखालून घालावे. एसआरटी (सबटायटलच्या मजकुराची) फाइल यूटीएफ-8 मध्ये, चित्रपटाच्या फाइलच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. सबटायटल देवनागरीत असती तर ही वाट धरता आली नसती, कारण जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट मांडणे जुन्या टीव्हींना जमेलच असे नाही. तिथे ती चित्रावर कायमची छापून टाकणेच बरे.

पूर्ण एन्कोडला बसण्याआधी दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे काढावेत: एक रात्रीचे दृश्य, एक गर्दीतला आडवा पॅन, एक नामावलीचा. हँडब्रेकमध्ये 'रेंज' सेकंदांत देता येते. तुकडे टीव्हीवर, रोजच्या बसायच्या अंतरावरून बघावेत. लॅपटॉपला नाक लावून सीआरएफ ठरवला की तो नेहमी दोन आकड्यांनी खाली ठरतो. रात्रीच्या आकाशात चौकोन तरंगताना दिसले तर आधी मूळ तबकडीत तिथे काय आहे ते पाहावे. बहुधा ते तिथेच असतात.

उरलेल्या 17 तबकड्यांना हेच आकडे चिकटवू नयेत. पॅल तबकडीत 3:2 चा प्रश्न नसतो. तिथे फिल्म 25 फ्रेमने पळवलेली असते, त्यामुळे सहसा डीटेलिसिन बंद आणि फ्रेमरेट 25. तीच रुंद पडद्यासाठी दाबलेली 16:9 पॅल असेल तर सिनेमास्कोप चित्राला 436 च्या आसपास रेघा मिळतात आणि चौरस पिक्सेलांत माप 1024×436 होते. रंगमंचावर व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या नाटकाच्या पॅल तबकडीत तर जुळवायला फिल्मच नसते, प्रत्येक फील्ड स्वतंत्र क्षणाचे असते. तिथे बीडब्ल्यूडिफ या डीइंटरलेस फिल्टरने प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून 50 फ्रेम ठेवाव्यात, हालचाल रंगमंचासारखी सलग राहते. आणि फ्रेम-फ्रेम पुढे जाताना एकही फ्रेम स्वच्छ दिसली नाही, प्रत्येकीत दोन प्रतिमा एकमेकींवर विरघळलेल्या दिसल्या, तर पॅल मास्टर (छपाईची मूळ प्रत) यंत्राने एनटीएससीत बदललेला आहे असे समजावे. भारतीय तबकड्यांत हा प्रकार आढळतो. डीटेलिसिन तिथे काही करू शकत नाही. एव्हीसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसी आणि त्यामागे एसरिस्टोर हे फिल्टर लावून 25 फ्रेम बऱ्याच अंशी परत काढता येतात. तेवढा खटाटोप नको असेल तर साधे डीइंटरलेस करून 29.97 वर सोडून द्यावे.